हे बूट नेमके कुणाचे?

येत्या शुक्रवारी ऑफिसात एक गंमत करा. लोकांच्या चेहऱ्याकडे बघू नका, पायांकडे बघा. सेल्सवाल्याचे चकचकीत काळे शूज. आयटी टीमचे कधीही न धुतलेले स्नीकर्स. एथ्निक डे म्हणून एचआरमधल्या मुलीने घातलेली करकरीत कोल्हापुरी. आणि बॉसचं लक्ष नाही असं बघून कुणीतरी टेबलाखाली हळूच सरकवलेले सँडल्स. पायातल्या वस्तूवरून माणूस जोखायची आपल्याला भारी सवय. इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री आपण बायोडेटाइतकंच बुटांनाही पॉलिश करतो, ते काही उगीच नाही!

पण खुद्द पायताणाला आपल्याकडे काडीचं स्टेटस नाही. राग आला की जोड्याने मारण्याची भाषा. काम अडलं की सरकारी कचेरीत जोडे झिजवणं. आणि एखाद्याला त्याची पायरी दाखवायची असेल, तर ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण तयारच! घर असो की देऊळ, वहाणेची जागा उंबऱ्याबाहेर.

अशी ही उंबऱ्याबाहेरची वस्तू, तीही जुनी, फाटकी, चिखलात माखलेली, एका चित्रकाराने थेट कॅनव्हासवर आणून ठेवली. आणि त्या जोडीवरून बडेबडे विद्वान अनेक वर्षं भांडत राहिले. भांडणाचा मुद्दा एकच, हे बूट नेमके कुणाचे?

वाटतो तितका हा प्रश्न पुस्तकी नाही. कसा, ते बघू.

रफ लुक, १८८६ स्टाइल

चित्रकार म्हणजे आपला व्हिन्सेंट व्हॅन गॉग. सूर्यफुलांमुळे आणि कापलेल्या कानामुळे आपल्याला माहीत असलेला. १८८६ साली तो पॅरिसमध्ये भाऊ थिओकडे राहायला आला आणि त्याच वर्षी त्याने बुटांची एक जोडी रंगवली. चित्र जेमतेम दीड फूट रुंद. कातडं सुरकुतलेलं, नाड्या सुटलेल्या, एका बुटाची मान मुडपलेली. मागे टेबल नाही, खिडकी नाही, माणूस तर नाहीच. आज हे चित्र ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये आहे.

या बुटांची एक भन्नाट गोष्ट व्हिन्सेंटबरोबर शिकणाऱ्या फ्रान्स्वा गोझी नावाच्या चित्रकाराने सांगून ठेवलीय. व्हिन्सेंटने म्हणे हे बूट पॅरिसच्या जुन्या बाजारातून आणले. आपल्या चोरबाजारासारखाच प्रकार. बूट होते एखाद्या गाडीवानाचे असावेत तसे जाडजूड, पण स्वच्छ, पॉलिश केलेले. व्हिन्सेंटला ते पसंत पडेनात. मग एका पावसाळी दुपारी त्याने ते पायात चढवले आणि शहराच्या तटबंदीच्या बाजूने चिखल तुडवत भटकून आला. बूट पुरेसे मळले, तेव्हा कुठे ते त्याला रंगवण्यालायक वाटले.

म्हणजे बघा, आपण शोरूममध्ये जास्तीचे पैसे मोजून आधीच फाडलेली, विटवलेली जीन्स घेतो ना, तोच हा फंडा. फरक इतकाच, की व्हिन्सेंटला ते बूट घालून मिरवायचं नव्हतं. त्याला त्यात काहीतरी दिसत होतं.

लाकडी बुटांचा धडा

काय दिसत होतं, हे समजायला जरा मागे जावं लागेल. व्हिन्सेंटचा चित्रकलेतला गुरू, प्रत्यक्ष न भेटलेला, म्हणजे झाँ-फ्रान्स्वा मिले. हा १८१४ साली नॉर्मंडीतल्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरात जन्मला. त्या काळी चित्रात मान मिळायचा तो राजेरजवाडे, देवदेवता आणि लढाया यांना. शेतकरी दिसलाच तर कोपऱ्यात, सजावटीपुरता. मिलेने त्याला मधोमध उभं केलं. शेतात सांडलेली कणसं वेचणाऱ्या तीन बायकांचं त्याचं १८५७ सालचं चित्र तुम्ही कॅलेंडरवर नक्की पाहिलं असेल. त्याच्या ‘कुदळवाला माणूस’ या चित्रात तर एक शेतकरी खणून खणून इतका दमलाय, की कुदळीच्या दांड्यावर भार टाकून जेमतेम उभा आहे. पायात लाकूड कोरून केलेले बोजड बूट, फ्रेंचमध्ये ‘साबो’. १८६३ साली पॅरिसच्या मोठ्या सरकारी प्रदर्शनात हे चित्र लागलं आणि समीक्षक उखडले. इतका कुरूप, इतका रांगडा माणूस दाखवतात का, असा एकूण सूर.

साबो म्हणजे खेडवळपणाची सहीच. शहरातल्या फरशीवर ते खाडखाड वाजायचे, लोक हसायचे. आपण ज्याला ‘सॅबोटाज’ म्हणतो, तो शब्दही या साबोवरूनच आलाय. (कामगारांनी साबो मशीनमध्ये टाकून मशीन बंद पाडल्याची गोष्ट मात्र नंतर रंगवलेली.)

मिलेने स्वतःच म्हटलं होतं, की आपल्या पायात साबो आहेत तोवर आपलं निभावेल. म्हणजे, शेतकऱ्याइतक्या कमी गरजांत जगता आलं, तर पैशासाठी कुणापुढे वाकावं लागत नाही. व्हिन्सेंटला हे वाक्य इतकं आवडलं, की पत्रांतून तो ते घोकत राहिला. योगायोग म्हणजे १८८१ च्या अखेरीस हेगमध्ये त्याने तैलरंगात हात घातला, तेव्हा त्याला शिकवणाऱ्या अँटन मॉव्ह या चित्रकाराने पुढ्यात मांडून दिलेल्या वस्तूंतही लाकडी बुटांची जोडी होतीच. पुढे १८८५ साली त्याने ‘बटाटे खाणारे’ रंगवलं. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात जेवणारं एक शेतकरी कुटुंब. ज्या हातांनी यांनी जमीन उकरली तेच हात आता ताटात आहेत, हे दिसलं पाहिजे असा त्याचा आग्रह होता. हातांचं जे, तेच पायांचं. वापराने वस्तूवर माणसाचं आयुष्य उमटतं, यावर त्याचा विश्वास होता.

म्हणूनच बुटांचं ते चित्र बघताना आपण नकळत मनात एक माणूस उभा करतो. आणि गोची तिथेच होते.

तीन विद्वान, एक जोडी

मार्टिन हायडेगर हा जर्मनीतला नामवंत तत्त्वज्ञ. त्याने १९३० साली ॲमस्टरडॅमच्या एका प्रदर्शनात व्हिन्सेंटचे बूट पाहिले. पुढे कलाकृतीच्या उगमावर त्याने १९३५-३६ मध्ये व्याख्यानं दिली, त्यात हे चित्र आलं. हायडेगरच्या मते हे बूट एका शेतकरणीचे. त्यांच्या अंधाऱ्या पोकळीत त्याला तिचे कष्ट दिसले, नांगरटीतली तिची जड चाल दिसली, भाकरीची काळजी दिसली, जमिनीशी असलेलं तिचं मुकं नातं दिसलं. वाचताना अंगावर काटा येतो, इतकं ते सुंदर लिहिलंय.

पण शेतकरीण आली कुठून? चित्रात तर ती नाही!

हे विचारलं मेयर शपिरो या न्यूयॉर्कच्या कला-इतिहासकाराने, १९६८ साली. हा पठ्ठ्या कसून तयारी करणारा. त्याने हायडेगरलाच पत्र टाकलं, नेमकं कुठलं चित्र पाहिलंत? उत्तरावरून चित्र शोधलं आणि सांगितलं, साहेब, तेव्हा व्हिन्सेंट पॅरिसमध्ये राहणारा शहरी माणूस होता. हे शेतकरणीचे बूट नव्हेत, हे त्याचे स्वतःचे आहेत. वणवण भटकलेल्या एका माणसाचं हे सेल्फ पोर्ट्रेट आहे.

हा वाद नुसता अभ्यासकांचा नव्हता. हायडेगर १९३३ साली नाझी पक्षात गेला होता. ‘रक्त आणि माती’ ही नाझींची आवडती घोषणा, आणि मातीशी एकरूप झालेला साधाभोळा शेतकरी हे त्यांच्या पोस्टरवरचं लाडकं चित्र. शपिरो ज्यू. त्याने हा निबंध लिहिला तो कुर्ट गोल्डस्टाइन या मेंदूतज्ज्ञाच्या स्मृतीसाठी. हायडेगरच्या त्या लेखाकडे शपिरोचं लक्ष वेधलं होतं ते गोल्डस्टाइनने. तोही ज्यू, आणि १९३३ मध्ये अटक होऊन जर्मनीतून हाकलला गेलेला. एकाने बूट मातीत रोवले, दुसऱ्याने ते देशोधडीला लागलेल्या माणसाला दिले!

१९७८ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदाने या भांडणात उडी घेतली. तो म्हणाला, तुम्हा दोघांनाही ते बूट कुणाच्या तरी पायात घालायची एवढी घाई का? आणि मुळात ही जोडी आहे हे तरी कशावरून? दोन्ही डाव्या पायाचे असले तर?

मला विचाराल तर, हा प्रश्न वात्रट वाटला तरी नेमक्या जागी बोट ठेवतो. गरिबाच्या फाटक्या चपलेत प्रत्येक जण आपापला पाय घालून बघतो. कुणाला त्यात देश दिसतो, कुणाला त्याग, कुणाला स्वतःचंच दुःख. चप्पल ज्याची असते, तो मात्र चित्राबाहेरच उभा राहतो. तीही काढून!

नाव असलेले बूट

मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला फोटोजर्नलिझमच्या तासाला आम्हाला एक स्लाइड दाखवली होती. कोरड्या मातीवर ठेवलेले जाड कामाचे बूट. वॉकर इव्हान्सचा १९३६ सालचा फोटो. बघताच व्हिन्सेंट आठवावा असा. पण याच्या शीर्षकातच मालक आहे, ‘फ्लॉइड बरोज यांचे कामाचे बूट’.

फ्लॉइड बरोज हा अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या हेल काउंटीत दुसऱ्याच्या जमिनीवर कापूस पिकवणारा शेतकरी. मंदीचे दिवस होते. १९३६ च्या उन्हाळ्यात ‘फॉर्च्यून’ या बिझनेस मॅगझिनने लेखक जेम्स एजी आणि इव्हान्स यांना तिथे पाठवलं. दोघांनी तीन शेतकरी कुटुंबांवर काम केलं. ‘फॉर्च्यून’ने तो लेख छापलाच नाही. शेवटी १९४१ मध्ये त्याचं पुस्तक निघालं, पण तेव्हा फारसं कुणी विकत घेतलं नाही. ते अभिजात ठरलं पुढे, १९६० नंतर.

पुस्तकात एजीने या कुटुंबांची नावं बदलली होती, त्यांना त्रास होऊ नये म्हणून. पण फोटो जगभर गेले, म्युझियममध्ये लागले. अनेक वर्षांनी डेल महॅरिज आणि मायकेल विल्यमसन हे दोन पत्रकार त्या कुटुंबांच्या पुढच्या पिढ्यांना शोधत तिथे पोचले. १९८९ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाला पुलित्झर मिळालं. गरिबीचे फोटो अजरामर झाले, त्या माणसांचं पुढे काय झालं, हे विचारायला कुणीतरी परत गेलं, ही मला त्यातली मोठी गोष्ट वाटते.

याच्या अगदी उलट टोक बघायचंय? अँडी वॉरहॉलची १९८० ची ‘डायमंड डस्ट शूज’ ही मालिका. काळ्या पार्श्वभूमीवर चमचमणारे लेडीज शूज, त्यावर चकचकीत पूड. फ्रेडरिक जेमसन या समीक्षकाने व्हिन्सेंटचे आणि वॉरहॉलचे बूट शेजारी ठेवून दाखवून दिलं, की एकात मागे पूर्ण जग आहे, दुसऱ्यात फक्त चमक. मॉलच्या काचेआड मांडलेल्या शूजना कुणाच्या पायाचा आकार नसतोच ना, तसं.

फोटोबाहेरच्या वहाणा

आता जरा घरी येऊ. माझ्या आजोबांचा एकच फोटो आहे, कराडच्या एका स्टुडिओत काढलेला. अंगात स्टुडिओचाच कोट, हात खुर्चीच्या पाठीवर, मागे रंगवलेला कारंजा. पाय अनवाणी. सतरंजी होती म्हणून वहाणा बाहेर काढून ठेवल्या, असं आजी सांगायची. टायरचा सोल लावलेल्या त्या वहाणांनी त्यांनी उभं आयुष्य शेतात आणि बाजाराच्या वाटेवर काढलं. कोट अर्ध्या तासाचा होता, वहाणा त्यांच्या होत्या. फोटोत आला कोट!

तुमच्याही घरात असा फोटो असेल. कारण आपली दोन पिढ्यांमागची माणसं फोटोत यायची ती आपल्या पायातलं बाहेर ठेवूनच.

मग मार्च २०१८ आला. नाशिकहून ६ तारखेला निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत पोचला. त्यात आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते, वनजमिनीच्या हक्कासाठी चालणारे. दहावीची परीक्षा सुरू होती. पोरांचा पेपर चुकू नये म्हणून ते सोमय्या मैदानातून रात्रीच निघाले आणि १२ तारखेच्या पहाटे आझाद मैदानात पोचले. मागण्या, भाषणं हे सगळं पेपरात आलंच. पण शहराच्या काळजाला हात घातला तो काही फोटोंनी. तुटलेल्या चपला. फोडांनी सोललेले, रक्ताळलेले तळवे. ते फोटो बघून मुंबईकर पाणी, बिस्किटं आणि चपला घेऊन रस्त्यावर उतरले.

त्या वेळी आपल्यापैकी कितीतरी जणांनी ते फोटो फॉरवर्ड केले. पण मला राहून राहून वाटतं, ज्या तळव्यांनी आपल्याला रडवलं, त्यांच्या मालकिणीचं नाव आपल्यापैकी किती जणांनी विचारलं? आपण हायडेगरसारखंच केलं. त्या पायांत आपल्याला ‘बळीराजा’ दिसला. सातबारावर नाव लागावं म्हणून चालणारी एक ठरावीक बाई दिसली नाही.

आणि हात कुणाचे?

इथपर्यंत सगळे जण एकच विचारत होते, बूट घातले कुणी? शिवले कुणी, हे त्या तिघा विद्वानांपैकी कुणी विचारलं नाही. आपल्याकडे मात्र एक चित्र आहे, ज्यात तोच माणूस मधोमध बसलाय. कुठल्या गॅलरीत नाही, कॅलेंडरवर. संत रोहिदासांचं. समोर आरी, रापी, हातात अर्धवट शिवलेला जोडा, शेजारी पाण्याची काथवट. घरोघरी देव सोन्याच्या मुकुटात दिसतात. हा संत मात्र आपल्या कामाच्या हत्यारांसह दिसतो. ज्या कामाला गावाने शिवायचं नाही ठरवलं, तेच काम या चित्रात पूजेला बसलंय. पायातली वहाण पायातच बरी म्हणणाऱ्यांना याहून सणसणीत उत्तर काय असणार?

हाच प्रश्न जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर येऊन उभा राहिला. प्राडाच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये मॉडेल्सच्या पायात थेट आपली कोल्हापुरी! माहितीत मात्र नुसतं ‘लेदर सँडल्स’. कोल्हापूर पेटलं. ज्या चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्रातले ४ आणि कर्नाटकातले ४ जिल्हे मिळून भौगोलिक मानांकन मिळालंय, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्यापासून जी पिढ्यानपिढ्या हाताने बनते, तिचं नावही घ्यायचं नाही? गदारोळानंतर प्राडाने या चपलांमागची प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर भारतातच २,००० जोड बनवायचं जाहीर झालं, किंमत एका जोडाला सुमारे ८०० युरो.

८०० युरोंची बातमी सगळ्यांनी चघळली. पण कोल्हापुरातला मूळ संताप आधी नावाचा होता, पैशांचा नंतर. मिलेच्या शेतकऱ्याला कुरूप म्हणणाऱ्यांपासून ते रॅम्पवर त्याच धाटणीची चप्पल मिरवणाऱ्यांपर्यंत दीडशे वर्षांत एक गोष्ट बदलली. गावच्या पायताणाची लाज गेली, फॅशन आली. गावच्या माणसाचं नाव येणं मात्र अजून बाकी आहे.

तर मंडळी, एथ्निक डेला कोल्हापुरी जरूर घाला. पहिले चार दिवस चावेल, तेल पाजा, मग सवयीची होईल. फक्त घेताना दुकानदाराला घासाघीस करायच्या आधी एक प्रश्न विचारा, कुणी बनवलीय? कुठल्या गावात? दहातल्या आठ दुकानांत उत्तर मिळणार नाही. पण रोज दहा गिऱ्हाईकांनी विचारलं, तर अकराव्यासाठी दुकानदार कारागिराचं नाव विचारून ठेवेल.